नापास होण्याचा हक्क

जॉन विल्यम्स यांची ‘स्टोनर’ ही कादंबरी मी गेली काही वर्षे वर्गात शिकवते आहे. १९६५ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा तिची फारशी दखल कोणी घेतली नाही. २००६ मध्ये ती पुन्हा छापली गेली, पुढे तिचे युरोपीय भाषांत अनुवाद झाले आणि मग ती जगभर वाचली जाऊ लागली. मिसुरीतल्या एका गरीब शेतकऱ्याचा मुलगा शेतीशास्त्र शिकायला विद्यापीठात येतो. इंग्रजीच्या सक्तीच्या तासाला प्राध्यापक त्याला शेक्सपिअरच्या एका सुनीताचा अर्थ विचारतात. त्याला उत्तर देता येत नाही, आणि त्या न आलेल्या उत्तरापाशी त्याचे आयुष्य वळते. साहित्य शिकवणाऱ्या माणसाला ही कादंबरी का आवडते हे वेगळे सांगायला नको. आपल्या निष्फळ वाटणाऱ्या धंद्याला तीत एक प्रतिष्ठा मिळते.

कादंबरीच्या उत्तरार्धात एक छोटासा भाग आहे, ज्यावरून बहुतेक वाचक न थांबता पुढे जातात. दुसरे महायुद्ध संपल्यानंतरची वर्षे स्टोनरच्या अध्यापनातली सर्वांत चांगली वर्षे ठरली, असे निवेदक तिथे सांगतो. युद्धावरून परतलेले सैनिक विद्यार्थी म्हणून आले आणि त्यांनी विद्यापीठाचे वातावरणच बदलून टाकले. ते वयाने मोठे होते, शिकण्याबाबत गंभीर होते आणि अभ्यासाकडे नोकरीची पायरी म्हणून पाहत नव्हते. हा भाग जेमतेम एक-दोन परिच्छेदांचा आहे.

२०२१ च्या शरद-सत्रात माझ्या संध्याकाळच्या वर्गात चौतिशीचा एक विद्यार्थी होता. मिसुरीतल्या ज्या सामुदायिक महाविद्यालयात मी इंग्रजी लेखन व वाङ्मय शिकवते, तिथे असे विद्यार्थी नवे नाहीत. लष्करातून बाहेर पडलेली आणि सरकारी खर्चाने शिकणारी दोन-तीन माणसे दर सत्रात असतातच. या गृहस्थांना मी येथे ‘सार्जंट’ म्हणेन. ते मला ‘मॅम’ म्हणत, आणि ते संबोधन मी बदलू पाहिले तरी बदलले नाही. स्टोनर त्यांना आवडला नव्हता. १९१७ साली त्याचे दोन्ही मित्र सैन्यात भरती होतात, त्यांतला एक मरतो. स्टोनर मात्र मागे राहतो, ही गोष्ट त्यांच्या मनातून उतरत नव्हती. मी तो युद्धोत्तर भाग वर्गात मुद्दाम वाचून दाखवला. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, “चांगलं लिहिलंय, मॅम. पण आमच्यासाठी एवढीच जागा?”

वर्ग हसला, मीही हसले. त्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला कादंबरीबाहेर शोधावे लागले.

*

कादंबरीत ते सैनिक विद्यापीठात कसे आले हे विल्यम्स फारसे सांगत नाहीत, कारण १९६५ च्या अमेरिकन वाचकाला ते ठाऊक होते. ते एका कायद्यामुळे आले. २२ जून १९४४ रोजी, नॉर्मंडीच्या चढाईनंतर अवघ्या सोळा दिवसांनी, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्या कायद्यावर सही केली. त्याचे अधिकृत नाव लांबलचक आहे. लोक त्याला ‘जीआय बिल’ म्हणतात. सैन्यातून सन्मानाने मुक्त झालेल्या माणसाला शिक्षणासाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत शुल्क आणि वर निर्वाहासाठी दरमहा ५० डॉलर; घर, शेत किंवा धंद्यासाठी कर्ज काढल्यास त्यातील निम्म्या रकमेला, कमाल २,००० डॉलरपर्यंत, सरकारची हमी; आणि काम मिळेपर्यंत आठवड्याला २० डॉलर, जास्तीत जास्त ५२ आठवडे. मूळ कायदा थोडक्यात असा होता.

या कायद्यामागे औदार्य होते तशी भीतीही होती. १९३२ मध्ये, मंदीच्या ऐन भरात, पहिल्या महायुद्धात लढलेले हजारो सैनिक कबूल झालेला बोनस आधी मिळावा म्हणून राजधानी वॉशिंग्टनमध्ये तळ ठोकून बसले होते, आणि सरकारने त्यांच्यावर सैन्य घालून अश्रुधुराने त्यांना हाकलले होते. आता तर दीड कोटीहून अधिक माणसे परत यायची होती. त्या सगळ्यांना एकदम काम कुठून देणार? म्हणून त्यांतल्या काहींना काही वर्षे वर्गात बसवावे, असा हा व्यवहारी विचार होता.

विद्यापीठांनाही ही कल्पना फारशी रुचली नव्हती. शिकागो विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांनी त्याच वर्षी असा इशारा दिला होता की या पैशाच्या मोहाने विद्यापीठे म्हणजे बेकार भटक्यांचे तळ होतील. प्रत्यक्षात १९४७ साली अमेरिकेतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी जवळपास निम्मे माजी सैनिक होते, आणि १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख सैनिकांनी कोणते ना कोणते शिक्षण या कायद्याखाली घेतले. त्यांतले सुमारे २२ लाख महाविद्यालयांत गेले. हचिन्स यांच्याच विद्यापीठात कर्ट व्हॉनेगट मानववंशशास्त्र शिकायला आले ते याच पैशावर. त्यांचा प्रबंध तेव्हा नाकारला गेला. पुढे १९७१ मध्ये विद्यापीठाने त्यांच्या ‘कॅट्स क्रेडल’ या कादंबरीलाच प्रबंध मानून त्यांना पदवी दिली. जोसेफ हेलर, नॉर्मन मेलर, फ्रँक ओ’हारा, जेम्स राइट, लॉरेन्स फर्लिंगेटी ही सगळी माणसे या ना त्या टप्प्यावर याच कायद्याच्या आधाराने शिकलेली आहेत. युद्धोत्तर अमेरिकन साहित्याचा इतिहास आपण वाद आणि चळवळी यांच्या भाषेत शिकवतो. दरमहा येणाऱ्या त्या सरकारी धनादेशाचा उल्लेख त्यात क्वचितच होतो.

आणि स्वतः विल्यम्स? टेक्सासमधल्या शेतकरी कुळातला हा माणूस १९४२ मध्ये हवाई दलात भरती झाला. त्याची नेमणूक भारतात आणि ब्रह्मदेशात झाली, आणि तिथेच त्याने पहिल्या कादंबरीचा खर्डा लिहायला घेतला. युद्धानंतर तो जीआय बिलाच्या साहाय्याने डेन्व्हर विद्यापीठात शिकला, मिसुरी विद्यापीठात डॉक्टर झाला आणि आयुष्यभर प्राध्यापक राहिला. कादंबरीतला तो छोटा भाग लिहिणारा लेखक एके काळी त्याच बाकांवर बसलेला होता. त्याने स्वतःसाठी एवढीच जागा ठेवली, हे मी सार्जंटना सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मग ठीक आहे.”

*

हे सांगून झाले त्यानंतर दोन आठवड्यांनी सार्जंट वर्गात यायचे थांबले.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये काबूल पडले होते. सार्जंट अफगाणिस्तानात दोनदा जाऊन आले होते. त्याबद्दल ते बोलत नसत, मीही विचारले नव्हते. ऑक्टोबरच्या मध्यावर मी त्यांना पत्र टाकले, तेव्हा ते माझ्या खोलीत येऊन बसले. झोप नाही, पुस्तक समोर धरले की ओळी हलतात, बायको इस्पितळात रात्रपाळीला, मुलगी पाच वर्षांची. दोन निबंध राहिले होते. नापास होणार हे दोघांनाही दिसत होते.

अशा वेळी सगळे शिक्षक जे करतात तेच मी केले. म्हटले, “हा विषय आत्ता सोडून द्या. गुणपत्रकावर ‘एफ’ येण्यापेक्षा ‘डब्ल्यू’ बरा. सरासरीला धक्का लागत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा घ्या.” त्यांनी माझ्यासमोरच अर्ज भरला. जाताना आभार मानले. मलाही आपण माणुसकीने वागलो असे वाटले.

जानेवारीत त्यांना सरकारचे पत्र आले. सोडलेल्या विषयाचे शुल्क आणि त्या प्रमाणातला घरभाड्याचा भत्ता सत्राच्या पहिल्या दिवसापासून परत करा. रक्कम दीड हजार डॉलरच्या वर.

सध्याचा कायदा २००८ चा, ११ सप्टेंबरनंतरच्या सैनिकांसाठी केलेला. पूर्ण पात्रता असलेल्या सैनिकाला ३६ महिन्यांचे शिक्षण मिळते: सरकारी महाविद्यालयाचे सारे शुल्क, घरभाड्याचा मासिक भत्ता, पुस्तकांसाठी वर्षाला १,००० डॉलरपर्यंत. मात्र हा पैसा विषयागणिक मोजला जातो. विषय सोडला आणि गुणपत्रकावर त्याचा काही परिणाम झाला नाही, तर तो विषय घेतलाच नव्हता असे हिशेबात धरले जाते. पहिल्यांदा असे घडले तर सहा श्रेयांकांपर्यंत सूट मिळते. सार्जंटनी ती पहिल्याच सत्रात वापरून टाकली होती. त्यानंतर सबळ कारण लेखी सिद्ध करावे लागते. आणि गंमत अशी, की तेच सार्जंट शेवटपर्यंत वर्गात येऊन बसले असते, परीक्षेला बसले असते आणि रीतसर नापास झाले असते, तर त्यांना एक पैसाही परत द्यावा लागला नसता. नापास होण्याची तरतूद कायद्यात आहे. माझ्यासारख्या शिक्षिकेच्या दयेची नाही.

आमच्या महाविद्यालयात, प्रत्येक महाविद्यालयात असते तशी, माजी सैनिकांच्या नोंदी सरकारकडे पाठवणारी एक अधिकारी व्यक्ती बसते. माझ्या खोलीपासून दोन मजले खाली. अर्जावर सही करण्यापूर्वी सार्जंटना तिच्याकडे पाठवणे एवढेच माझे काम होते. इतकी वर्षे शिकवूनही ते मला ठाऊक नव्हते.

*

त्या दीड हजारांमुळे सार्जंटचे नेमके काय गेले हे मला मार्चमध्ये कळले.

ते घर घेणार होते. जीआय बिलाचा दुसरा अर्धा भाग, कर्जहमी, आजही चालू आहे. पात्र सैनिकाला सहसा डाउन पेमेंट भरावे लागत नाही. मात्र कर्ज बँकच देते, आणि खरेदीच्या वेळचे किरकोळ खर्च हाताशी लागतात. तेवढी शिल्लक सार्जंटनी जमवली होती. ती त्या पत्रापायी गेली. मी त्यांच्या अर्जाला जोडायला पत्र लिहून दिले, डॉक्टरांचे पत्र जोडले गेले, आणि कारण सबळ असल्याचे अखेर मान्य झाले. पण तोवर उन्हाळा उजाडला होता. २०२२ च्या आरंभी तीन टक्क्यांच्या आसपास असलेले व्याज तोपर्यंत पाच टक्क्यांच्या वर गेले होते. दोन लाख डॉलरच्या तीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता तीन टक्क्यांनी महिना सुमारे ८४३ डॉलर बसतो, पाच टक्क्यांनी सुमारे १,०७४. हा फरक सार्जंटनी मला एका पाकिटाच्या पाठीमागे मांडून दाखवला. आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र त्या पाकिटाकडे बघवेना.

हमी सरकारची आणि निर्णय दुसऱ्या कुणाचा, ही या कायद्याची जुनी गाठ आहे. १९४४ ते १९५२ या काळात सुमारे २४ लाख सैनिकांच्या गृहकर्जांना सरकारने हमी दिली; शहरांबाहेरच्या एकसारख्या घरांच्या वसाहती त्यातून उभ्या राहिल्या. पण कर्ज द्यायचे की नाही हे गावातली बँक ठरवी. इरा कॅट्झनेल्सन यांनी ‘व्हेन अफर्मेटिव्ह ॲक्शन वॉज व्हाइट’ (२००५) या पुस्तकात मिसिसिपीतल्या १९४७ सालच्या एका पाहणीचे आकडे दिले आहेत. सरकारी हमीची ३,२२९ कर्जे दिली गेली. त्यांपैकी काळ्या सैनिकांना मिळाली ती २. कायद्याच्या मजकुरात वंशाचा उल्लेख कुठेही नव्हता. न्यूयॉर्कजवळची लेव्हिटटाउन ही प्रसिद्ध वसाहत माजी सैनिकांना डोळ्यांसमोर ठेवून १९४७ पासून उभी राहिली. तिथल्या करारांत गोऱ्यांखेरीज इतरांना राहू न देण्याचे कलम होते. हे आकडे मी पूर्वीही वाचले होते, आणि त्या वेळी खिडकीपलीकडच्या त्या बँक-कारकुनाचा मला राग आला होता. माझा गुन्हा त्याच्या जातीचा नव्हता, हे मला समजते. त्याने हेतुपुरस्सर नाकारले आणि मी न जाणता नुकसान केले. परंतु कायदा आणि माणूस यांच्या मधल्या खिडकीवर कुणीतरी बसलेले असते, आणि तिथे आपणही बसलेले असू शकतो, हे मला सार्जंटच्या पाकिटाने शिकवले.

*

येथे मला माझ्या आजोबांविषयी लिहिणे भाग आहे.

ते सातारा जिल्ह्यातले. १९४१ मध्ये मराठा पलटणीत भरती झाले आणि इटलीत लढले. जॉन विल्यम्स आमच्या देशात होते त्याच काळात आजोबा युरोपात होते. सांग्रो नदीकाठच्या चिखलाबद्दल ते सांगत. एवढा चिखल आपल्याकडे मृगातही होत नाही म्हणत. भरती होण्यापूर्वी मराठी चार इयत्ता झाल्या होत्या, सैन्यात रोमन लिपीत हिंदुस्थानी लिहायला शिकले, इटलीत दहा-वीस शब्द तिथल्या भाषेचे. १९४६ मध्ये ते एक लोखंडी ट्रंक आणि दोन पदके घेऊन घरी आले. पेन्शनला लागतात तितकी वर्षे भरली नव्हती. त्यांना व्हर्नाक्युलर फायनलला बसायचे होते, कारण फायनल पास झालेल्याला त्या काळी शाळेत मास्तर होता येई. पण दोन वर्षे घरी बसून शिकायचे तर घर कोण चालवणार? ते मुंबईला गेले, गिरणीच्या फाटकावर बदली कामगारांच्या रांगेत उभे राहिले, आणि पुढची एकतीस वर्षे तिथेच गेली.

मी बारावीला असताना त्यांना एकदा विचारले होते, “आजोबा, तुम्ही परीक्षेला बसला असता तर पास झाला असता?” ते म्हणाले, “काय सांगावं? नापास व्हायला तरी बसावं लागतं ना, पोरी.”

तेव्हा मला तो विनोद वाटला होता. आज वाटते, जीआय बिलाचे सार एवढ्यात आले. ज्याला पदवी हमखास मिळणार त्यालाच शिकवणे ही शिष्यवृत्ती झाली. या कायद्याने गुणवत्तेची चाळणी लावली नाही. महाविद्यालयाने घेतले की पुरे, मग तो माणूस व्हॉनेगटसारखा प्रबंध नाकारला गेलेला का असेना. त्याला बसायला एक जागा आणि काही वर्षांचा वेळ मिळाला, आणि त्यात चुकण्याची मुभाही होती. श्रीमंतांच्या मुलांना ही मुभा जन्मतःच असते. गरिबाच्या मुलाला ती कायद्यानेच मिळू शकते.

आपल्याकडे माजी सैनिकांसाठी काहीच नाही असे मुळीच नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत, सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहे आहेत, शिष्यवृत्त्या आहेत. मात्र शिक्षणाच्या बहुतेक सवलतींचा रोख सैनिकाच्या मुलांकडे असतो. सैनिकाचे स्वतःचे शिक्षण संपलेले आहे असे आपण गृहीत धरतो, आणि वीस-पंचवीस वर्षांची नोकरी व नंतर पेन्शन या जुन्या घडीत ते काहीसे खपूनही जात होते. २०२२ साली अग्निपथ योजना आली आणि ती घडी मोडली. चार वर्षांनी परतणारा जवान बावीस-पंचवीस वर्षांचा असणार. योजना जाहीर झाली तेव्हा त्यांतल्या एक चतुर्थांशांपर्यंत जवानांनाच पुढे कायम ठेवण्याची तरतूद होती. उरलेल्यांच्या हाती सुमारे पावणेबारा लाख रुपयांचा सेवा निधी येतो. इग्नूच्या पदवीत लष्करी प्रशिक्षणाचे श्रेयांक धरण्याची सोयही केली गेली. पण पेन्शन नाही. साताऱ्या-कोल्हापुराकडची ही मुले गावात परततील तेव्हा त्यांतला एखादा मराठीच्या वा इतिहासाच्या वर्गात येऊन मागच्या बाकावर बसेल. तो उशिरा येईल, कदाचित मध्येच येईनासा होईल. त्याला काय सांगायचे हे त्या वर्गातल्या शिक्षकाने आधीच शिकून ठेवलेले बरे.

*

सार्जंट २०२२ च्या शरद-सत्रात पुन्हा माझ्याच वर्गात आले. त्यांनी निबंध ‘स्टोनर’वरच लिहिला. स्टोनर युद्धावर गेला नाही याचा राग त्यांनी सोडला नव्हता. पण मागे राहिलेल्या माणसाने वर्ग उघडा ठेवला नसता तर परत आलेल्यांनी जायचे कुठे, असा एक प्रश्न त्यांनी मध्येच टाकला होता आणि त्याचे उत्तर न देता ते पुढे गेले होते. निबंधात व्याकरणाच्या चुका बऱ्याच होत्या. मी त्यांना ‘बी’ दिला. घर त्यांनी अजून घेतलेले नाही, ते भाड्याने राहतात.

आता सत्राच्या पहिल्या दिवशी फळ्यावर पुस्तकांची यादी लिहिण्यापूर्वी मी दोन मजले खालच्या त्या खोलीचा क्रमांक लिहिते. विषय सोडायचा विचार असेल तर आधी तिथे जा आणि मग माझ्याकडे या, असे सांगते. कोणी माजी सैनिक आहे का, असे वर्गात विचारत नाही. ज्यांना तो क्रमांक हवा असतो ते उतरवून घेतात.